साडभाऊंची हलकी चाकं

माझे मोठे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे नवरे, जगातल्या कुठल्याच गोष्टीवर ती स्वतः तोलून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. देवावर त्यांचा विश्वास आहे, पण तोही मला वाटतं, देव काट्याला लटकवता येत नाही म्हणून नाइलाजानं. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं सहायक म्हणून काढली. प्राध्यापक येत गेले, बदलत गेले, पण कुठल्या कपाटात कुठलं वजन आहे आणि कुठली स्प्रिंग थकली आहे, हे फक्त साडभाऊंना ठाऊक. त्या तीस वर्षांत त्यांच्या अंगात जे शिरलं ते कायमचंच. पन्नास किलोपर्यंतचा हुकाचा काटा त्यांच्या पिशवीत असतो, जसा दुसऱ्या कुणाच्या पिशवीत चष्मा असतो. गॅसचं सिलिंडर घरात आलं की आधी काट्यावर, मग शेगडीला. कलिंगड, धुण्याआधीची सतरंजी, धुतल्यानंतरची ओली सतरंजी, प्रवासाला निघालेल्या पाहुण्याची बॅग, काहीही त्यातून सुटत नाही. माझ्या लग्नात सासऱ्यांनी भंडाऱ्याच्या बाजारातून पितळी भांडी घेतली, तेव्हा दुकानदारानं सांगितलेलं वजन साडभाऊंना पटलं नाही. त्यांनी भर दुकानात पिशवीतून काटा काढला आणि पाण्याचा पितळी गुंड हुकाला टांगला. सासरे मान खाली घालून उभे राहिले. वजन दुकानदाराचंच बरोबर निघालं. साडभाऊंनी दोन्ही हात जोडले, म्हणाले, "माफ करा, तुमचं बराबर आहे," आणि प्रायश्चित्त म्हणून स्वतःसाठी एक तांब्या विकत घेतला. त्यांच्या स्वभावातली ही गोष्ट मला तेव्हापासून आवडते. ते संशय घेतात, पण निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो तितक्याच शांतपणे घेतात. वाद घालणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असतं, "कायले भांडता? मोजून पाहू."

नात्यानं मीही त्यांचा साडभाऊच. ते राहतात तुमसरला. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी साळी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती भंडाऱ्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती. दोघांची नोकरी एकाच गावात, म्हणून त्यांनी आठ वर्षांपूर्वी एक छोटी पांढरी गाडी घेतली, अगदी साध्या मॉडेलची, लोखंडी चाकांची. तुमसर, मोहाडी, वरठी, भंडारा हा तासाभराचा रस्ता सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा साडभाऊंना ओळखीच्या माणसासारखा माहीत. काहींना त्यांनी नात्यागोत्यांची नावंही दिली होती. वरठीच्या अलीकडे वळणावर एक खड्डा होता, त्याचं नाव मामाजी, कारण आमच्या सासऱ्यांसारखाच तो कधीही न कळवता समोर येई. "मामाजी आले," असं म्हणून साडभाऊ गाडी डावीकडे घेत, आणि शेजारी बसलेली ताई हातातल्या वह्या घट्ट धरी. वडलांचं नाव खड्ड्याला दिलेलं तिला आवडत नसे, पण दचका बसायच्या आधी सूचना मिळते म्हणून ती चालवून घेई.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ताईच्या पाठीनं दगा दिला. आधी कमरेत कळ, मग डाव्या पायाला मुंग्या, मग एक दिवस फळ्यासमोर खडू उचलायला ती वाकली ती तशीच राहिली. नागपूरला मणक्याचं ऑपरेशन झालं. मणक्यांच्या मधली गादी, डॉक्टरांच्या भाषेत डिस्क, सरकली होती. डॉक्टरांनी काही महिने विश्रांती सांगितली आणि वर बजावलं की पुढे काम करायला हरकत नाही, पण दचके टाळा. बस नाही, मोटारसायकल नाही. ताईच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. तिचा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, आई, आता सोड नोकरी. आमच्या सासूबाई म्हणाल्या, माझी बायको म्हणाली, खरं सांगायचं तर मीही म्हणालो. ताईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जुलैपासून शाळेत जाणार असं सांगितलं. दहावीच्या मुलींना अर्ध्यावर सोडून आपण घरी झोपून राहणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. मग आम्ही सगळे साडभाऊंकडे वळलो. आता हेच काय ते समजावतील. साडभाऊ पलंगाच्या पायथ्याशी बसून तिच्या कमरेच्या पट्ट्याचं वजन पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "ते जाईन म्हणते ना, मंग जाईल. रस्त्याचं मी पाहतो."

रस्त्याचं पाहणं म्हणजे काय, ते मला पुढच्या तीन महिन्यांत कळलं. रस्ता दुरुस्त करणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी हातात घेतली. सीटवर तीन प्रकारच्या उशा ठेवून झाल्या. टायरमधली हवा कमीजास्त करून झाली. शॉकअप नवे बसवले. प्रत्येक बदलानंतर त्यांचा एक प्रयोग असे आणि त्या प्रयोगाला साक्षीदार म्हणून दर रविवारी मी. ताईच्या सीटवर एक परात, परातीत तोच तो पितळी तांब्या, काठोकाठ पाण्यानं भरलेला. मी पहाटेच्या बसनं तुमसरला पोचायचं, तिथून ठरलेल्या वेगानं निघायचं, भंडाऱ्यात माझ्या घरासमोर थांबायचं, आणि परातीत सांडलेलं पाणी कॉलेजातून मागून आणलेल्या काचेच्या मोजपात्रात ओतायचं. मी मागे बसून तांब्याकडे लक्ष ठेवायचं. वरठीला कारखान्याच्या पाळीवरून सुटलेले लोक सायकली, मोटारसायकली थांबवून पाहत की या गाडीत पुढच्या सीटला पट्टा बांधून तांब्या का बसवला आहे. उशांनी पाण्यात फरक पडला नाही. शॉकअपनं थोडा पडला. साडभाऊंचं समाधान झालं नाही.

एके दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर स्टँडला एक स्प्रिंग, तिच्यावर एक लाकडी ठोकळा, तिच्याखाली एक वजन. त्यांनी खालून फळी उचलून दचका दिला, वरचा ठोकळा उडाला. मग खालचं वजन काढून हलकं लावलं, तसाच दचका दिला. ठोकळा कमी उडाला.

"समजलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"स्प्रिंगच्या वर जे बसते ते पाहुणे. म्हणजे आपण. स्प्रिंगच्या खाली चाक. चाक खड्ड्यात पडते आन् वर येते. जेवढं जड चाक, तेवढी मोठी धडक वरती. शॉकअप बिचारा किती धरून ठेवन? चाक हलकं केलं का त्याचंही काम हलकं होते. साडभाऊ, आपण इतके दिवस सीटच्या वरून विचार करून राहिलो होतो. आता खालून करू."

अशा रीतीनं साडभाऊंनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गाडीला हलकी चाकं शोधायला सुरुवात केली. बातमी तुमसरात दोन दिवसांत पसरली, पण तिच्यातलं पाठीचं ऑपरेशन गळून गेलं आणि फक्त चाकं उरली. राइस मिलवाले त्यांचे मित्र विचारू लागले की म्हाताऱ्याला आता गाडीला चमकणारी म्याग चाकं लावायचा शौक कुठून आला. कुणी म्हणालं, निळे दिवेही लाव. साडभाऊंनी कुणालाही खुलासा केला नाही. ताईला मात्र हे सगळं नको होतं. मेकॅनिक लोक लोखंडी चाकाला डिस्क म्हणतात, हे तिला नुकतंच समजलं होतं. पलंगावरून ती म्हणाली, "एक डिस्क माही बिघडली होती. ते डॉक्टरनं काढली. आता गाडीच्या चांगल्या चार काहून काढता?"

"चांगल्या आहेत, पण जड आहेत," साडभाऊ म्हणाले, आणि स्टेपनीचा टायर उतरवून नुसतं लोखंडी चाक त्यांनी काट्याला टांगलं. सहा किलो आठशे. ते चाक गोणपाटात गुंडाळून आम्ही नागपूरला निघालो.

नागपूरच्या ज्या दुकानात आम्ही आधी गेलो तिथे भिंतभर चाकं लावली होती, आरशासारखी चमकणारी, काळी, तांबूस, चक्रासारख्या आऱ्यांची. विकणारा तरुण उत्साही होता. त्यानं आमच्या गाडीचं नाव विचारलं आणि दोन इंच मोठ्या मापाचं एक देखणं चाक काढून समोर ठेवलं. म्हणाला, "काका, हे लावा. एकदम गाडीचा लूकच बदलून जाईन."

साडभाऊंनी विचारलं, "हलकं आहे काय?"

"अलॉय मतलब लाईटच राहते ना काका. लोखंडापेक्षा हलकंच."

"मोजून पाहू."

पिशवीतून काटा निघाला. त्या तरुणाला वाटलं गंमत चालली आहे, तोही हसत चाक उचलू लागला. काटा आठ किलोच्या पुढे जाऊन थांबला. साडभाऊंनी गोणपाट सोडून आपलं लोखंडी चाक लावलं, सहा आठशे. पुन्हा चमकणारं लावलं, तेवढंच, आठच्या पुढे. दुकानात इतर गिऱ्हाईकं होती, ती जवळ आली. त्यातल्या एकानं नुकतीच तशीच चाकं पसंत केली होती, त्याचा चेहरा उतरला. विकणाऱ्या तरुणानं स्वतः दोनदा वजन करून पाहिलं. मग जरा खजील होऊन म्हणाला, "चाक मोठं आहे ना काका, म्हणून. पण दिसते किती भारी, ते पाहा."

"दिसते ते बाहेरच्याईले दिसते," साडभाऊ म्हणाले. "बसणारी आत बसते."

  तोवर या सगळ्या खटाटोपाकडे मी साडभाऊंचा नवा नाद म्हणून पाहत होतो, दर रविवारी झोप मोडणारा. त्या वाक्यानंतर मी स्वतःहून चाकं उचलून द्यायला लागलो. साडभाऊंनी त्या तरुणाला समजावून सांगितलं की माप जुनंच हवं, कारण चाक मोठं घेतलं तर टायर पातळ होतो, आणि टायरची जाडी ही रस्ता आणि माणूस यांच्यामधली पहिली गादी असते. त्यानं ते मन लावून ऐकलं, आणि त्यानंच दुसऱ्या एका दुकानाचा पत्ता दिला, जिथे शर्यतीच्या गाड्यांसारखी चाकं मिळत.

तिथे मात्र मोह पडावा असं चाक होतं. आमच्याच मापाचं, करड्या रंगाचं, आणि काट्यावर जेमतेम पाच किलो. मला वाटलं, सुटलो. साडभाऊ ते चाक मांडीवर घेऊन खाली बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आतली बाजू बोटानं चाचपली, एकेका आऱ्यामागे पाहिलं, जसं कुणी बाळाच्या कानामागे पाहतं. या चाकानं किती वजन वाहायचं, तो आकडा ते शोधत होते. तो कुठेच कोरलेला नव्हता. मालकाला विचारलं तर तो म्हणाला की हे कुणी विचारत नाही, शौकीन लोक नेतात, अजून तक्रार आली नाही. साडभाऊंनी वहीत गाडीचं वजन लिहिलं, त्यात ताई, स्वतः, वह्यांचे गठ्ठे आणि डिकीतला तांदूळ मिळवला, त्याला चारनं भागलं, आणि मालकाला विचारलं, "एवढं झेलन काय, रोज?" मालकानं खांदे उडवले. साडभाऊंनी चाक जपून जागेवर ठेवलं.

"हलकं पायजे, कच्चं नाही," परतताना ते म्हणाले. "शर्यतवाला एक दिवस पळवते. आपल्याले रोज जा लागते."

जून आला, जूनही सरू लागला. ताई पट्टा बांधून अंगणात फेऱ्या मारत होती, शाळेची पर्स झटकून ठेवली होती, आणि चाकांचा पत्ता नव्हता. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात हा विषय सोडला होता. साडभाऊंनी नव्हता सोडला. ते रोज कॉलेज सुटल्यावर भंडाऱ्याच्या एकेका टायरच्या दुकानात जाऊन उभे राहत. शेवटी त्यातल्याच एका दुकानदारानं, जो आधी तुमसरच्या मित्रांसारखीच निळ्या दिव्यांची थट्टा करायचा, त्यांना बोलावून सांगितलं की वरठीला कारखान्यातल्या एका क्रेन ऑपरेटरनं तुमच्याच गाडीचं वरचं मॉडेल घेतलं आहे. त्याला कंपनीची अलॉय चाकं येतात. पण त्यानं महिन्याभरातच ती काढून चमकणारी मोठी चाकं लावली. जुनी त्याच्या घरी पडली असतील.

त्याच संध्याकाळी आम्ही वरठीला गेलो. चाकं पडलेली नव्हती, कामाला लागली होती. अंगणात चार कोपऱ्यांना चार चाकं आडवी, त्यांवर रुंद फळ्या, आणि फळ्यांवर ऑपरेटरच्या बायकोनं, पावसानं उघडीप दिली म्हणून, गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या वाळत घातल्या होत्या. नवरा द्यायला लगेच तयार झाला. बायको तयार नव्हती. तिचं म्हणणं, याच्याइतकी बरोबर उंची दुसऱ्या कशाची होत नाही, जमिनीची ओल लागत नाही, आणि यांना ही चाकं पुरली नाहीत म्हणून यांनी दुसरी आणली, तेव्हा आता ही माझी.

साडभाऊंनी फळीच्या कडेची एक कुरोडी आत सरकवली. मग त्यांनी, ज्यांनी तुमसरात जन्माच्या मित्रांना कारण सांगितलं नव्हतं, त्या अनोळखी बाईला ते सांगितलं. "बाई, माह्या घरचीच्या पाठीचं ऑपरेशन झालं. ते मास्तरीण आहे. एक तारखेपासून शाळेत जाईन म्हणते. रस्ता तर तुमाले मालूम आहे. चाक हलकं राहिलं तं तिले दचका कमी बसन, असं माहं गणित आहे. चुकूही शकते."

बाईनं विचारलं, "किती कमी बसन?"

"हे बसवल्याशिवाय नाही समजत."

तिनं पदर खोचला आणि कुरोड्या गोळा करायला लागली. आम्ही चौघांनी मिळून फळ्या उतरवल्या. काटा निघाला. पहिलं चाक पाच किलो सातशे, दुसरं तेवढंच, तिसरं तेवढंच, चौथं मात्र पाच आठशे. ऑपरेटर म्हणाला, एवढ्यानं काय होते. साडभाऊंनी चाक उलटं केलं. आतल्या खोबणीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं होतं. ते रिकामं असल्याची खात्री करून त्यांनी काडीनं अलगद काढलं, पुन्हा तोललं, पाच सातशे. मग आतली बाजू पाहिली. वजन वाहण्याचा आकडा ठसठशीत कोरलेला होता. त्यांनी तो मला वाचून दाखवला, जसा कुणी लग्नाचा मुहूर्त वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्या बाईसाठी त्यांनी आपली जुनी लोखंडी चाकं पाठवली नाहीत, कारण ती जरा उंच भरली असती. सुताराकडून तेवढ्याच उंचीचे चार लाकडी पाय करवून घेतले आणि स्वतः नेऊन दिले.

चाकं बसवली, आणि ताई शाळेत जायच्या आदल्या रविवारी तांब्या पुन्हा सीटवर बसला. तोच रस्ता, तोच वेग, तेच खड्डे. माझ्या घरासमोर परातीतलं पाणी मोजपात्रात ओतलं. साडभाऊ जमिनीवर उकिडवे बसून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून पाहत होते. आधीपेक्षा कमी होतं. पण किती कमी, तर दोन चमचे. मी त्यांच्याकडे पाहिलं. तीन महिने, सगळे रविवार, नागपूरच्या चकरा, गावाची थट्टा, आणि हाती काय तर दोन चमचे पाणी. 

साडभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र निवांतपणा होता. ते म्हणाले, "एका खेपेले दोन चमचे. रोजच्या दोन खेपा. आन् दोन वर्षं. बादली भरते, साडभाऊ."

एक जुलैला मी मुद्दाम शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. गाडी आली. ताई स्वतः दार उघडून, आधी पाय मग अंग अशी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे उतरली. साडभाऊ वह्या काढत होते तेवढ्यात मी हळूच विचारलं, "फरक वाटला काय, ताई?"

ती म्हणाली, "खरं सांगू? मले काहीच नाही समजलं. दुखायचं तेवढं दुखलंच. पण याईले, तुमच्या साडभाऊले, सांगू नका. हे माणूस मामाजीपाशीही बोललं नाही आज. पूर्ण रस्ता माह्या तोंडाकडे पाहत आलं." मग पर्स खांद्याला लावून ती फाटकातून आत गेली, जरा वाकडी, पण न थांबता.

पुढची दोन वर्षं तिनं एकही दिवस गाडीमुळे चुकवला नाही. मधेच साडभाऊ निवृत्त झाले, तरी त्यांची भंडाऱ्याची फेरी चालूच राहिली. ताईला सोडून ते माझ्या घरी येत, शाळा सुटेपर्यंत ओसरीवर बसत, आणि माझ्या बायकोला घरातली प्रत्येक वस्तू किती जड आहे ते सांगत. दर महिन्याला चाकांचे नट आवळून पाहत. ताईचं दुखणं हळूहळू कमी झालं. ते औषधानं झालं, व्यायामानं झालं की चाकांनी, हे कुणालाच सांगता यायचं नाही. साडभाऊंनीही कधी श्रेय मागितलं नाही. ते मोजता येत नव्हतं.

गेल्या एप्रिलात ताईचा निरोप समारंभ झाला. शाळेचं सभागृह भरलं होतं. मुली रडत होत्या, पाहुणे बोलत होते. ताई शेवटी उठली. मराठीच्या बाईंना शोभेल असं स्वच्छ बोलली, सगळ्यांचे आभार मानले, आणि मग जरा थांबून म्हणाली, "शेवटची दोन वर्षं मी जिद्दीनं शाळेत आले, असं आत्ता सगळ्यांनी सांगितलं. मुलींनो, ते वाक्य चुकलेलं आहे. त्या वाक्यातला कर्ता मी नाही."

मी मागे वळून साडभाऊंची खुर्ची पाहिली. ती रिकामी होती. ऊन फिरल्यामुळे ताईची सीट तापेल म्हणून ते गाडी सावलीत लावायला बाहेर गेले होते.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली, गाडीपाशी जाऊन त्यांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग फडक्यानं पुढची काच पुसत राहिले, जरा जास्तच वेळ. मग ताई हार आणि शाल सांभाळत आली. त्यांनी दार उघडून धरलं, ती बसली, त्यांनी हार मागच्या सीटवर नीट पसरून ठेवले. गाडी फाटकातून नेहमीच्याच सावकाश वेगानं बाहेर पडली आणि तुमसरच्या रस्त्याला लागली. दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. उद्यापासून त्या रस्त्यानं रोज यायचं त्या दोघांना काही कारण उरलं नव्हतं.